पिल्लांच्या पायाखाली काय घालायचं?



आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या समन्वयक. आज बोलायचं आहे एक दिवसाच्या पिल्लांच्या अंथरुणाबद्दल. पोल्ट्रीवाले त्याला लिटर म्हणतात, कुणी गादी म्हणतात. आपण साधं अंथरूणच म्हणू.

गटाच्या बैठकीत कोंबड्यांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. गिरिराज घ्यावी की वनराज? पिल्लू केवढ्याला पडतं? लस कधी द्यायची? हे विचारायलाच हवं. पण पिल्लांच्या पायाखाली काय घालणार, असं आम्ही विचारलं की उत्तर येतं, "घालू की काहीतरी. भुसा पडलाय घरात." पिल्लं कधी येणार ते ठरलेलं असतं, बल्ब आणलेला असतो, खाद्याचं पोतं घरात येऊन पडलेलं असतं. अंथरूण मात्र आदल्या संध्याकाळी, जे हाताला लागेल ते.

आजचं आमचं सांगणं एवढंच आहे: अंथरुणाचं नाव बघू नका, ते कुठून आलं आणि कसं राहिलं ते बघा. तूस चांगलं आणि भुसा वाईट, असं सरसकट नसतं. भिजून परत वाळलेलं तूस पिल्लं मारू शकतं, आणि सुताराकडची कोरडी, स्वच्छ रंध्याची साल पिल्लं नीट वाढवते. हे कसं, ते आता एकेक करून बघू.

आजीची कोंबडी आणि आपला बल्ब

एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. "आमच्या आजीनं कधी असलं अंथरूण घातलं नाही, तरी तिची पिल्लं जगली की!" खरं आहे. पण आजीची पिल्लं खुडूक कोंबडीखाली निघायची. डालग्यात थोडं पिंजर, त्यावर दहा-बारा अंडी. पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत आई त्यांना घेऊन परड्यात उतरायची. थंडी वाजली की पिल्लं तिच्या पंखाखाली शिरायची, ऊब मिळाली की बाहेर. दिवसभराची घाण परड्यात विखुरलेली आणि ऊन-वाऱ्यानं वाळलेली. दहा पिल्लं आणि सबंध परडं, असा तो हिशेब होता.

आता आपण काय करतो? हॅचरीतून खोक्यात घालून १०० पिल्लं आणतो. त्यांना आई नसते. ती तीन-चार आठवडे एकाच गोलात राहतात. तिथंच खातात, तिथंच पाणी सांडतात, तिथंच हगतात आणि तिथंच झोपतात. बल्ब वरून ऊब देतो, म्हणजे आईच्या पंखांचं काम तो करतो. पण पिल्लाचं पोट आणि पाय चोवीस तास खालीच टेकलेले असतात. तिथं काय आहे, यावर बरंच काही ठरतं.

अंथरुणाला तीन कामं करायची असतात. पहिलं, जमिनीचा गारवा वर येऊ न देणं. फरशी किंवा सारवलेली जमीन पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते. वर बल्ब असूनही पिल्लू खालून गारठतं, एकमेकांवर चढतं, आणि तळातली पिल्लं चेंगरून मरतात.

दुसरं काम, ओल शोषून घेऊन ती परत हवेत सोडणं. पिल्लाच्या विष्ठेत बरंच पाणी असतं, शिवाय भांड्यातलं पाणी सांडतं ते वेगळंच. नुसतं शोषून उपयोग नाही, अंथरूण वाळलंही पाहिजे.

तिसरं काम, पायाला पकड देणं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे पाय फार नाजूक असतात. खाली गुळगुळीत असेल तर पाय दोन्ही बाजूंना फाकतात. सुरुवातीला लक्षात आलं तर मऊ सुती पट्टीनं दोन्ही पाय सैल बांधून काही पिल्लं सुधारतात. उशीर झाला तर पिल्लू उभंच राहत नाही आणि खाद्या-पाण्यापर्यंत पोचत नाही.

कोणतीही वस्तू अंथरायला घेताना या तीन कामांना ती उतरते का, ते बघायचं. शिवाय चौथी गोष्ट म्हणजे तिच्यात विष, बुरशी आणि धूळ नको.

आपल्या भागात काय काय मिळतं

आजरा, चंदगड, गडहिंग्लज हा आपला भाग. भात आहे, ऊस आहे, भुईमूग आहे, काजू आहे. म्हणजे अंथरायला पुष्कळ काही आहे. एकेक घेऊ.

पहिलं भाताचं तूस. गिरणीत भात भरडल्यावर जी वरची टरफलं निघतात ती. आमची पहिली पसंती यालाच. ते हलकं असतं, मोकळं राहतं, लवकर गोळा होत नाही आणि पायाला पकड देतं. फक्त तूस आणि कोंडा यात गल्लत करू नका. कोंडा म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणारं पीठ. त्याला तेल असतं. ते ओल धरतं, चिकट होतं, लवकर बुरसटतं, आणि पिल्लं ते खात बसतात. गिरणीवाल्याला स्पष्ट सांगा, "तूस पाहिजे, कोंडा नको." तूस घरी आणल्यावर एकदा चाळून धूळ काढा. चाळताना नाका-तोंडावर पदर घट्ट बांधा, कारण ती धूळ आपल्या छातीलाही चांगली नाही.

दुसरी लाकडाची साल. सुतार रंधा मारतो तेव्हा जी गोल गोल, पातळ साल निघते ती चांगली. करवतीखाली पडणारा पिठासारखा बारीक भुसा मात्र लहान पिल्लांना नको. तो नाकात जातो, डोळ्यांत जातो. शिवाय पिल्लं तो दाणा समजून टिपतात. पोट भरल्यासारखं होतं आणि खरं खाद्य राहून जातं. साल आणतानाही दुकानात काय काम चालतं ते बघा. प्लायवूड आणि फर्निचरचे दाबलेले बोर्ड कापतात तिथला भुसा घेऊ नका, त्यात चिकट रसायन असतं. जुनी रंगवलेली दारं-खिडक्या, पॉलिश केलेलं लाकूड, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड यांचाही नको. उग्र वासाच्या लाकडाची सालही टाळा. साध्या, कोऱ्या, वाळलेल्या लाकडाची असेल तरच आणा.

तिसरी शेंगांची टरफलं. घरचीच असतात, फुकट असतात. पण शेंगेवर बुरशी चटकन धरते, विशेषतः काढणीच्या वेळी पाऊस लागला असेल तर. आतून काळी, हिरवट, पांढरी केसाळ दिसणारी टरफलं सरळ बाजूला काढा. चांगली असतील ती उन्हात कडकडीत वाळवून, बडवून बारीक करा. अख्ख्या टरफलात ओल अडकून राहते आणि कडा पिल्लाच्या पायाला टोचतात.

चौथं उसाचं चिपाड. गुऱ्हाळाच्या दारात ढीग लागलेले असतात. ताजं चिपाड गोड आणि ओलसर असतं. ढिगात ते तापतं, आंबतं आणि आत बुरशी धरते. पूर्ण वाळलेलं आणि बारीक केलेलं असेल तर ते ओल चांगली शोषतं. पण पिल्लू लहान असताना आम्ही त्याच्या वाटेला जायचं टाळतो. मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात ते वापरता येतं.

पाचवं पिंजर आणि गव्हाचं काड. अख्खं घालू नका. ते गुळगुळीत असतं, पाय घसरतात आणि ओलं झालं की चटईसारखं जमतं. घालायचंच तर विळीवर किंवा अडकित्त्यावर इंच-इंचाचे तुकडे करून, आणि जमल्यास तुसात मिसळून घाला.

सहावी वाळू. स्वच्छ, जाडसर, कोरडी वाळू उन्हाळ्यात चालते, विष्ठा तिच्यावर वाळते. पण पावसाळ्यात आणि थंडीत ती गार पडते आणि गारच राहते. आपल्याकडचा पाऊस बघता वाळूचा नाद नको.

आता काय घालायचंच नाही ते. काजूची टरफलं घालू नका. त्यांच्यातलं तेल कातडीला पोळतं, हे काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांना विचारा. तेच तेल पिल्लाच्या पायाला आणि चोचीला लागणार. चुलीची राख अंथरू नका. ती उडते, आणि ओली झाली की पाय खाते. ओल्या सारवणावर पिल्लं सोडू नका. खताची किंवा कीटकनाशकाची पोती खाली पसरू नका, कितीही धुतली तरी नाही. विरलेलं गोणपाट नको, त्याच्या धाग्यांत बोटं अडकतात. औषध चोळलेल्या बियाण्याचा कचरा नको. प्लास्टिकचा कागद, जुना फ्लेक्स, कॅलेंडरचा गुळगुळीत कागद यांवर पिल्लू चालवू नका.

वर्तमानपत्राचं काय? ते चालतं, पण अंथरूण म्हणून नाही. पहिले दोन-तीन दिवस तुसावर पाच-सहा घड्या कागद पसरतात, कारण नवीन पिल्लाला दाणा आणि तूस यातला फरक कळत नाही. कागदावर थोडं खाद्य पसरलं की ते टिपायला शिकतं. कागद चुरगळून परत सैल पसरला तर पायाला पकड मिळते. रोज वरचा घाण झालेला थर काढायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळा कागद काढून टाकायचा. तोवर पिल्लं भांड्यातलं खायला शिकलेली असतात.

तूसच होतं, तरी काय झालं?

सुरुवातीला आम्ही म्हणालो, नाव बघू नका. त्यामागं एका गटात घडलेली गोष्ट आहे.

पावसाळ्याच्या दिवसांत तिथल्या एका ताईंनी गटातून कर्ज काढून १०० पिल्लं आणली. शेजारच्या गावात तूस घालतात हे त्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून तूसच आणलं. गिरणीच्या मागं ढीग होता. पैसे पडत नव्हते, हवं तेवढं न्या म्हणाले. ढीग भिजलेला होता. ताईंनी मधल्या उघडिपीत ते दोन दिवस अंगणात वाळवलं. हाताला कोरडं लागलं, रंगही बरा दिसला. वास थोडा कोंदट होता, पण पावसात सगळ्यालाच तसा वास येतो.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून पिल्लं सुस्त झाली. मान वर ताणून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. सर्दीत होते तशी घरघर नव्हती, नुसती धाप. रोज तीन-चार मरायला लागली. कुणी म्हणालं राणीखेत, कुणी म्हणालं नजर लागली. मेडिकलमधून पुडी आणून पाण्यात दिली, फरक पडला नाही. शेवटी मेलेली दोन पिल्लं पिशवीत घालून त्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पिल्लू उघडून दाखवलं. फुप्फुसावर पिवळट-पांढरे बारीक दाणे होते. डॉक्टर म्हणाले, "ही बुरशी आहे. पिल्लांनी ती श्वासातून घेतली. आता औषधानं हे हटायचं नाही. आधी अंथरूण काढा."

बुरशीचं बी डोळ्यांना दिसत नाही. भिजलेल्या ढिगात ते तयार होतं, आणि वरून ऊन दाखवलं तरी मरत नाही. उलट, वाळलं की ते धुळीसारखं सुटं होतं. पिल्लं पायानं तूस उकरतात, धूळ उडते आणि थेट छातीत जाते. त्यात वरून बल्बची ऊब आणि खालून सांडलेलं पाणी, म्हणजे बुरशीला हवं ते सगळंच.

ताईंनी सगळं तूस काढून दूर नेऊन पुरलं. खोली धुतली, वाळवली, नवीन कोरडं तूस आणलं. मरणं हळूहळू थांबलं. पण तोवर ३४ पिल्लं गेली होती. १०० पिल्लांत चार-पाच जाणार हे धरूनच चालावं लागतं. ३४ म्हणजे कर्जाच्या हप्त्यावर घाला.

पुढच्या बैठकीत हप्त्याचा विषय निघाला. एक-दोघी म्हणाल्या, "तिनं हयगय केली, तिनं भरावं." त्यावर गटातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "तिनं तूसच घातलं होतं की. आपल्यातल्या कितीजणींनी ढीग उकरून बघितला असता?" कुणीच काही बोललं नाही. मग गटानं दोन गोष्टी ठरवल्या. ताईंचे हप्ते दोन महिने पुढं ढकलायचे. आणि इथून पुढं तूस एकेकटीनं आणायचं नाही, गटानं मिळून आणायचं. भात भरडायचा हंगाम सुरू असताना, पाऊस नसताना, गिरणीतून थेट पोत्यात भरून. पोती कोरड्या खोलीत, जमिनीला न टेकवता, फळ्यांवर रचून. ज्या बाईकडे पिल्लं येणार तिनं तिथून न्यायचं आणि पोत्याचे पैसे गटात भरायचे. हे अजून चालू आहे. त्या ताईंनी पुढच्या वेळी पुन्हा पिल्लं आणली, ती याच पोत्यांवर वाढली.

कुणी म्हणेल, फुकट मिळत असताना पैसे कशाला घालायचे? हिशेब करू. समजा एक पिल्लू ४० रुपयांना पडलं. १०० पिल्लांचे ४,००० रुपये. समजा तुसाचं पोतं वाहतुकीसह ६० रुपयांना पडलं आणि चार पोती लागली, तर २४० रुपये. म्हणजे सहा पिल्लांची किंमत. तुमच्या गावात भाव वेगळा असेल, तो घालून हिशेब परत करा. पण बुरसटलेलं फुकट अंथरूण सहा पिल्लांवर थांबत नाही.

अंथरायचं कसं

पिल्लं यायच्या आधी आठवडाभर खोलीची तयारी सुरू करा. जुनी घाण खरवडून काढा. फरशी असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, वाळू द्या, मग भिंतीला आणि फरशीला चुना मारा. मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून टाका, नवीन माती चोपा, सारवा आणि खडखडीत वाळू द्या. चुना काय, सारवण काय, पूर्ण वाळल्याशिवाय वर तूस घालायचं नाही. पावसात जमिनीला ओल फुटत असेल तर खाली स्वच्छ ताडपत्री टाका आणि तूस थोडं जाड घाला, म्हणजे पिल्लाचे पाय ताडपत्रीला लागणार नाहीत.

पत्र्याचा, पुठ्ठ्याचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा दीड फूट उंच गोल करा. गोलच करा, कोपरे नकोत. कोपऱ्यात पिल्लं गर्दी करून चेंगरतात. १०० पिल्लांना सुरुवातीला पाच-सहा फूट रुंदीचा गोल पुरतो, मग दर आठवड्याला तो मोठा करत जायचा. आत तूस दोन इंच जाड, सगळीकडे सारखं पसरा. बोटाची दोन पेरं आत गेली पाहिजेत. सुरुवातीला दोन पोती लागतील, आणखी दोन बदलायला हाताशी ठेवा.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच बल्ब लावून ठेवा. हवा लवकर तापते, अंथरूण तापायला वेळ लागतो. पिल्लं सोडण्याआधी तळहात तुसात खोल घालून बघा, ऊब लागली पाहिजे. पिल्लामागे साधारण दोन वॅट असा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब हवा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. थर्मामीटर असेल तर तो पिल्लाच्या उंचीवर टांगा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, गोलाच्या कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरून चरत असतील तर ठीक आहे.

आणि हे नीट ऐका. तूस, भुसा, कागद, सगळं पेट घेणारं आहे. बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं किंवा तारेनं पक्का बांधा, अंथरुणापासून दीड फूट तरी वर. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा धूर आणि गॅस पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही.

रोजचं दहा मिनिटांचं काम

अंथरूण एकदा घातलं म्हणजे झालं, असं नाही. रोज सकाळी दहा मिनिटं द्या.

पाण्याचं भांडं विटेवर किंवा पाटीवर ठेवा, पिल्लाच्या पाठीइतकं उंच. तूस सर्वांत आधी भिजतं ते भांड्याभोवती. तिथलं ओलं तूस रोज काढून टाका आणि कोरडं घाला. बाकीचं हातानं किंवा काठीनं वर-खाली करा. खपल्या धरल्या असतील तर उचलून टाका.

मग मुठीची परीक्षा घ्या. मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. हळूहळू सुटला तर ठीक. नुसतीच धूळ उडाली तर फार कोरडं आहे. हात झाल्यावर साबणानं धुवा. पोरांनाही ती सवय लावा.

त्यानंतर खाली वाका. आपण उभ्यानं वास घेतो आणि म्हणतो, काही नाही. पिल्लू राहतं जमिनीपासून चार बोटांवर. गुडघ्यावर बसून नाक त्याच्या उंचीला न्या. नाकाला झोंबलं किंवा डोळ्यांत चरचरलं तर तो ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया आहे. त्यानं पिल्लाचे डोळे आणि फुप्फुसं खराब होतात. अंथरूण बदला आणि वरून हवा खेळू द्या. थंडी लागेल म्हणून आपण चारी बाजूंनी पोती ठोकून टाकतो. खालून वारा अडवा, वरची फूटभर जागा उघडी ठेवा.

ओल्या, उबदार अंथरुणात आणखी एक आजार वाढतो, तो म्हणजे रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून पडतात, आणि ओल मिळाली की दोन-एक दिवसांत पुन्हा आजार करण्याजोगे होतात. बहुधा तिसऱ्या आठवड्यापासून पुढं पिल्लं पिसं फुगवून बसतात, विष्ठेत रक्त दिसतं. असं दिसलं की अंथरूण बदला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. या आजारावर औषध आहे, पण वेळेवर दिलं तरच. गटाच्या पशुसखीला बोलवा, दवाखान्यात जा, किंवा १९६२ या फोनवर विचारा.

एका खेपेचं अंथरूण दुसऱ्या खेपेच्या लहान पिल्लांना वापरू नका. वरून चांगलं दिसलं तरी आधीच्यांचे आजार त्यात असतात. ते खड्ड्यात घालून कुजवा. ताजं पिकाच्या मुळाशी टाकलं तर रोप जळतं, कुजवल्यावर मात्र उत्तम खत होतं. तेवढाच अंथरुणाचा खर्च शेतात परत येतो.

गटाच्या वहीत लिहायला

जाता जाता एक काम सांगतो. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत हे पाच प्रश्न लिहून ठेवा. कुणाकडेही पिल्लं येणार असतील तर आठ दिवस आधी दोघी-तिघींनी तिच्या घरी जाऊन ते विचारायचे.

हे अंथरूण कुठून आणलं?
ते कधी भिजलं होतं का?
पोत्याच्या मधोमध हात घालून काढलेल्या मुठीला कोंदट वास येतो का?
चाळलं तर किती धूळ निघते?
पाय घसरेल किंवा टोचेल असं त्यात काही आहे का?

यातल्या एकाही उत्तरावर मन खात नसेल तर ते अंथरूण खुशाल घाला. मन खात असेल तर पिल्लांची तारीख पुढं ढकला. हॅचरीला फोन करून आठ दिवस थांबवता येतं. मेलेलं पिल्लू परत आणता येत नाही, आणि त्याचा हप्ता काही चुकत नाही.

तुमच्याकडे कुणी वेगळं काही अंथरत असेल आणि पिल्लं चांगली वाढत असतील, तर आम्हाला बैठकीत जरूर सांगा. ते कुठून आणता आणि कसं ठेवता, तेवढं मात्र सोबत सांगा.